छोट्या पोकलेनसाठी ट्रेलर निवडताना

२७ सप्टेंबर २०२४ रोजी हेलीन चक्रीवादळाच्या पावसाने अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागाची दाणादाण उडवली. त्यानंतर मॅकडॉवेल काउंटीतल्या आमच्या जमिनीकडे जाणारा खासगी रस्ता पुन्हा उभा करायचा, तर त्यासाठी स्वतःचे छोटे यंत्र असावे, असे मी आणि माझ्या यजमानांनी ठरवले. तिकडे मुख्य रस्त्यापासून घरापर्यंतचा कच्चा रस्ता, त्याखालची मोरी आणि बाजूचे गटार ही मालकाचीच जबाबदारी असते. वादळानंतर खोदकाम करणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाकडे कामांची एवढी रांग लागली होती, की पोकलेनची वाट पाहत बसण्यात अर्थ नव्हता. आम्ही राहतो शार्लटच्या बाजूला आणि जमीन आहे ओल्ड फोर्टजवळ, शिवाय घाट चढून वर ॲशव्हिलच्या बाजूला असलेल्या काही मित्रांच्या जागेवरही काम होते. त्यामुळे यंत्र घेण्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न ते नेण्याचा होता. इथे स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत शहराबाहेर जमिनी घेतल्या आहेत. त्यांच्यापैकी काही जणांनी मला पिकअपमागे जोडायच्या ट्रेलरविषयी विचारले. त्या सर्वांसाठी हे थोडे सविस्तर लिहीत आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हा प्रश्न कदाचित अपरिचित वाटेल, कारण आपल्याकडे जेसीबी स्वतःच्या चाकांवर गावोगाव फिरतो आणि साखळीपट्ट्यावर चालणारे पोकलेन मातीच्या उंचवट्यावरून ट्रकवर चढवून नेतात. अमेरिकेत मात्र दीड ते पाच टनांचे छोटे एक्स्कॅव्हेटर घरमालक, शेतकरी आणि लहान कंत्राटदार स्वतःच्या पिकअपमागे ट्रेलर जोडून स्वतःच नेतात. रबरी पट्ट्यांवर चालणाऱ्या या यंत्राचा वेग माणसाच्या चालण्याएवढाच असतो, त्यामुळे त्याला रस्त्यावर चालवत नेण्याचा प्रश्नच येत नाही.

बहुतेक लोक या निवडीचा क्रम उलटा लावतात, असे माझे स्पष्ट मत आहे. दारात पिकअप आधीच उभी असते, तिच्या माहितीपत्रकात ‘अमुक इतके पौंड ओढते’ असा मोठा आकडा छापलेला असतो आणि त्या आकड्यात बसेल असा ट्रेलर व त्यावर मावेल असे यंत्र शोधले जाते. खरा क्रम यंत्रापासून सुरू व्हायला हवा. आधी कामाला लागणारे यंत्र, मग त्या यंत्राला साजेसा ट्रेलर आणि सर्वांत शेवटी तो ट्रेलर पेलणारी आणि थांबवणारी पिकअप. आजच्या पिकअपमध्ये ओढण्याची ताकद क्वचितच अपुरी पडते. ट्रेलरचा कस लागतो तो यंत्र चढवताना आणि उतारावर थांबताना, आणि निवडही त्या दोन क्षणांचा विचार करूनच करायला हवी.

पहिली गोष्ट म्हणजे वजनाची बेरीज. यंत्राच्या माहितीपत्रकात दिलेल्या कार्यरत वजनात साधारणपणे इंधनाची भरलेली टाकी, एक चालक आणि एक प्रमाणित बकेट धरलेली असते. तथापि प्रत्यक्षात यंत्राबरोबर जे काही प्रवास करते, ते त्यात नसते. साडेतीन टनांच्या वर्गातले, छत असलेले पण बंद केबिन नसलेले एक यंत्र उदाहरणादाखल घेऊ आणि त्याचे वजन ७,७०० पौंड धरू. त्याला बकेट पटकन बदलण्यासाठीचा कपलर आणि दगड-ओंडके पकडण्यासाठीचा थंब बसवला की साधारण ३५० पौंड वाढतात. गटारासाठीची रुंद आणि नळासाठीची अरुंद अशा आणखी दोन बकेट घेतल्या तर ४०० पौंड होतात. खडी दाबण्यासाठीचा प्लेट कॉम्पॅक्टर सुमारे २०० पौंडांचा असतो. यंत्र बांधायच्या साखळ्या आणि त्या ताणणारे बाइंडर मिळून १५० पौंड सहज भरतात. ही बेरीज ८,८०० पौंडांवर, म्हणजे जवळपास ४,००० किलोंवर जाते आणि यात पट्ट्यांत अडकलेली माती धरलेलीच नाही. या भागातली तांबडी चिकणमाती ओली असताना पट्ट्यांना अशी चिकटते, की ती खरवडून काढल्याशिवाय निघालात तर वजन तर वाढतेच, शिवाय महामार्गावर मागच्या गाडीच्या काचेवर ढेकळे उडतात.

आता ट्रेलर पाहू. इथे प्रत्येक ट्रेलरवर निर्मात्याने एक पाटी लावलेली असते आणि तिच्यावर ट्रेलरचे स्वतःचे वजन धरून एकूण किती वजन चालेल ते लिहिलेले असते. या आकड्याला इथे सर्वजण जीव्हीडब्ल्यूआर म्हणतात. विक्रेता ‘दहा हजारांचा ट्रेलर’ म्हणतो तेव्हा त्यावर दहा हजार पौंड लादता येतात, असा त्याचा अर्थ होत नाही. दहा हजारांचा यंत्रवाहू ट्रेलर रिकामा असतानाच साधारण २,८०० पौंडांचा असेल, तर मालासाठी ७,२०० पौंड उरतात आणि आपले उदाहरणातले यंत्र एकटेच त्याहून जड आहे. चौदा हजारांच्या ट्रेलरला प्रत्येकी ७,००० पौंडांचे दोन ॲक्सल असतात. टिल्ट डेकचा, म्हणजे मागे झुकणाऱ्या डेकचा, असा ट्रेलर रिकामा सुमारे ४,३०० पौंडांचा धरला, तर आपली ८,८०० पौंडांची सामग्री चढवल्यावर एकूण १३,१०० पौंड होतात आणि ९०० पौंड शिल्लक राहतात. मला ही शिल्लक आवश्यक वाटते. काठोकाठ भरलेला ट्रेलर नियमात बसत असला, तरी रोजच्या वापरात त्याचे बेअरिंग, ब्रेक आणि टायर सतत कमाल भारावर राहतात.

यंत्र दीड-पावणेदोन टनांचे, म्हणजे चार हजार पौंडांच्या आसपासचे असेल, तर ३,५०० पौंडांचे दोन ॲक्सल असलेला सात हजारांचा ट्रेलर पुरतो आणि तो हाफ-टन वर्गातली, म्हणजे मोठ्या पिकअपमधली सर्वांत हलकी पिकअपही नीट सांभाळते. ज्यांना परसात झाडे लावायची आहेत, पाण्याची पाइपलाइन टाकायची आहे किंवा छोटे गटार काढायचे आहे, त्यांनी एवढ्यावरच थांबावे, असे मी आवर्जून सांगेन. साडेतीन टनांचे यंत्र घेतले की ट्रेलर, पिकअप आणि कायदा या तिन्ही गोष्टी एकदम वरच्या पायरीवर जातात.

कायद्याचा भाग थोडा रुक्ष आहे, पण तो टाळता येत नाही. केंद्रीय नियमानुसार पिकअप आणि ट्रेलर यांच्या पाट्यांवरील आकड्यांची बेरीज २६,००१ पौंड किंवा अधिक असेल आणि त्यात ट्रेलरचा आकडा १०,००० पौंडांहून जास्त असेल, तर व्यावसायिक वापरासाठी अ वर्गाचा व्यावसायिक चालक परवाना लागतो. तुमचा ट्रेलर त्या दिवशी रिकामा आहे की भरलेला, यावर ते ठरत नाही, कारण बेरीज पाटीवरच्या आकड्यांची होते. पाऊण टन वर्गातल्या पिकअपच्या पाटीवर १०,००० असेल आणि ट्रेलरवर १४,०००, तर बेरीज २४,००० होते आणि आपण मर्यादेच्या आत राहतो. एक टन वर्गातल्या, मागे चार चाके असलेल्या पिकअपच्या पाटीवर १४,००० असेल, तर त्याच ट्रेलरसह बेरीज २८,००० होते. म्हणजे अधिक दणकट गाडी घेतल्याने परवान्याची अट लागू होऊ शकते, आणि पिकअप बदलण्याचा विचार करणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे. याखेरीज, व्यवसायासाठी राज्याची सीमा ओलांडून जाताना पिकअप व ट्रेलर मिळून १०,००१ पौंडांपासूनच केंद्रीय वाहतूक नियम, नोंदणी क्रमांक आणि तपासणीच्या अटी सुरू होतात. बाजारात ९,९९० पौंडांची पाटी लावलेले ट्रेलर इतके दिसतात, त्याचे कारण निर्माते मुद्दाम परवान्याच्या नियमातल्या दहा हजारांच्या खाली राहतात हेच आहे. राज्यांतर्गत वाहतुकीचे, शेतीच्या आणि खासगी वापराचे नियम राज्यागणिक बदलतात, त्यामुळे आपल्या राज्याच्या मोटार वाहन विभागाकडून आणि विमा कंपनीकडून लेखी खात्री करून घेणे उत्तम.

पिकअपच्या बाबतीत मला माहितीपत्रकातल्या ओढक्षमतेपेक्षा चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरचे पिवळ्या-पांढऱ्या रंगाचे स्टिकर महत्त्वाचे वाटते. त्या विशिष्ट गाडीत माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेले असते. बंपरमागच्या हिचला, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडणीला, जोडलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या भागावर यायला हवा, आणि तो भार या स्टिकरच्या हिशेबात धरला जातो. आपल्या १३,१०० पौंडांचे १० टक्के म्हणजे १,३१० आणि १५ टक्के म्हणजे १,९६५ पौंड. हाफ-टन पिकअपच्या स्टिकरवर १,६०० पौंड असतील, त्यात दोन प्रौढ माणसे आणि अवजारांची पेटी मिळून ५०० गेले, तर उरलेल्या १,१०० पौंडांत हिचवरचा किमान भारही बसत नाही, मग जाहिरातीत ओढक्षमतेचा आकडा कितीही मोठा असो. पाऊण टनाच्या गाड्यांतही हा हिशेब करावा लागतो, कारण डिझेल इंजिन बरेच जड असते आणि तेवढा भार पिकअपच्या उरलेल्या क्षमतेतून वजा होतो. त्याच वर्गातली पेट्रोल इंजिनाची गाडी अनेकदा डिझेलपेक्षा अधिक भार वाहू शकते. हिचच्या सांगाड्यावरही एक पाटी असते. तिच्यावर वजन विभागणाऱ्या हिचशिवाय किती भार चालेल आणि तशा हिचसह किती, असे दोन वेगळे आकडे असतात. खाली वाकून ती पाटी वाचावी.

हिचवर १० टक्क्यांपेक्षा कमी भार आला की ट्रेलर मागून डोलू लागतो आणि वेग वाढेल तसे ते डोलणे वाढत जाते. म्हणून यंत्र ट्रेलरवर नेमके कोठे उभे करता येते, हे ट्रेलर निवडतानाच पाहायला हवे. एक्स्कॅव्हेटरचे बहुतेक वजन इंजिन आणि प्रतिभार यांच्यामुळे एका टोकाला असते आणि बूम दुसऱ्या टोकाला पसरलेली असते. डेक आखूड असेल तर यंत्र ॲक्सलच्या तुलनेत पुढे-मागे सरकवायला जागाच उरत नाही आणि हिचवरचा भार नशिबावर सोडावा लागतो. साडेतीन टनांच्या यंत्रासाठी वीस फुटांपेक्षा आखूड डेक मी घेणार नाही. एकदा योग्य जागा सापडली की डेकच्या कडेला रंगाने खूण करून ठेवावी, म्हणजे अंधारात किंवा पावसातही यंत्र त्याच ठिकाणी उभे राहते.

आता चढवण्याविषयी. ट्रेलरच्या प्रकारांतला खरा फरक मला इथे दिसतो.

सर्वांत जास्त विकला जाणारा प्रकार म्हणजे मागचा भाग थोडा खाली उतरता असलेला आणि उभे राहणारे दोन रॅम्प असलेला ट्रेलर. तो स्वस्त असतो, हलका असतो आणि डेकची पूर्ण लांबी वापरता येते. मात्र रॅम्पवरून डेकवर येताना यंत्र एका कोनावर तोलले जाते. पट्ट्यांचा पुढचा भाग हवेत असतो, मग अचानक यंत्र पुढे कलते आणि डेकवर आपटते. अनुभवी चालक बकेट डेकला टेकवून हे कलणे हळू करतो, नवख्याच्या मात्र पोटात गोळा येतो. शिवाय रॅम्प लोखंडी असतात आणि ओल्या चिकणमातीने माखलेले रबरी पट्टे लोखंडावर घसरतात. सपाट, कोरड्या, खडी टाकलेल्या जागेवर हा ट्रेलर अगदी चांगला आहे. आमच्याकडे मात्र जिथे यंत्र उतरवायचे तिथे जमीन एका बाजूला झुकलेली आणि सकाळी दवाने ओली असते. रॅम्प असलेला ट्रेलर घ्यायचाच असेल, तर पूर्ण रुंदीचे, स्प्रिंगच्या मदतीने उचलले जाणारे रॅम्प घ्यावेत आणि ट्रेलरच्या मागच्या टोकाला आधाराचे पाय आहेत की नाहीत ते पाहावे. ते नसतील तर यंत्र मागच्या टोकावर असताना ट्रेलरचे मागचे टोक दबते, हिच वर उचलला जातो आणि पिकअपची मागची चाके जमिनीवरची पकड गमावतात. उतारावर असे झाले तर काय होईल, हे सांगायला नको, कारण पिकअपचा हातब्रेक आणि गिअरबॉक्समधली पार्किंगची कडी दोन्ही मागच्या चाकांवरच भिस्त ठेवून असतात.

टिल्ट डेकमध्ये डेकच मागे झुकतो आणि त्याची कड जमिनीला टेकते, त्यामुळे चढण सौम्य व सलग राहते. गुरुत्वाकर्षणाने झुकणाऱ्या प्रकारात यंत्र ॲक्सलच्या पुढे सरकले की त्याच्या वजनाने डेक आपोआप आडवा होतो आणि हायड्रॉलिक सिलिंडर तो धक्का मंद करतो. यात पंप नाही, बॅटरी नाही, उचलायला जड रॅम्प नाहीत. साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाच्या पाठीसाठी एवढे एक कारणही पुरेसे आहे. पुढचे चार किंवा सहा फूट स्थिर आणि मागचे सोळा फूट झुकणारे, अशी विभागणी असलेला ट्रेलर मला सर्वांत व्यवहार्य वाटला, कारण जादा बकेट आणि कॉम्पॅक्टर त्या स्थिर भागावर बांधलेले राहतात आणि यंत्र चढता-उतरताना त्यांना हात लावावा लागत नाही. या प्रकाराचे तोटेही आहेत. तो रॅम्पवाल्या ट्रेलरपेक्षा जड आणि महाग असतो, मागे जमीन चढी असेल तर डेक पुरता झुकत नाही आणि डेक आडवा धरून ठेवणारी खिळी नीट बसली की नाही हे प्रत्येक वेळी डोळ्यांनी पाहावेच लागते. तरीही आम्ही हाच निवडला आणि माझ्या मते डोंगराळ भागात, मर्यादित अनुभवाच्या चालकासाठी यापेक्षा सुरक्षित पर्याय नाही.

तिसरा मोह डंप ट्रेलरचा, म्हणजे पेटी उचलून माल ओतणाऱ्या ट्रेलरचा असतो. एकाच ट्रेलरमध्ये आज खडी आणि उद्या यंत्र, ही कल्पना आकर्षक आहे आणि ज्यांचे यंत्र दीड-दोन टनांचे आहे त्यांच्यासाठी ती चालतेही. थोडे गणित मात्र करावे. चौदा फूट लांब, सुमारे सात फूट रुंद आणि दोन फूट उंच भिंतींच्या पेटीत साधारण सात घनयार्ड माल मावतो. एका घनयार्ड खडीचे वजन सुमारे २,७०० पौंड असते, म्हणजे पेटी भरली तर १९,००० पौंडांच्या आसपास खडी होते, आणि चौदा हजारांच्या डंप ट्रेलरवर त्याचे स्वतःचे वजन वजा जाता साडेनऊ हजार पौंडच चालतात. म्हणजे पेटी अर्धी भरली की थांबायचे. खडी विकणाऱ्या यार्डात लोडर चालवणारा माणूस हा हिशेब तुमच्यासाठी करत नाही. यंत्र नेताना डंप ट्रेलरचा डेक उंच असतो, आत सरकवून ठेवलेले रॅम्प अरुंद आणि तीव्र चढाचे असतात आणि उंच भिंतींमुळे साखळ्या बांधायला हात पोहोचत नाही. साडेतीन टनांचे यंत्र त्यात घालू नये, असे माझे ठाम मत आहे. खडी यार्डाकडून ट्रकने मागवावी, ती परवडते.

पिकअपच्या हौद्यात जोडायचा गूजनेक ट्रेलर वळणावर उत्तम वागतो, कारण त्याचा भार मागच्या ॲक्सलच्या वर येतो. पण हौद्यातली जागा जाते आणि डिझेलची टाकी व अवजारे ठेवायची सोय राहत नाही. पाच टनांच्या पुढच्या यंत्रासाठी तो विचारात घ्यावा.

ब्रेकविषयी मात्र मी घाईने पुढे जाणार नाही. शार्लटकडून ओल्ड फोर्टपर्यंतचा रस्ता सौम्य आहे. पुढे आंतरराज्य महामार्ग ४० ओल्ड फोर्टहून ब्लॅक माउंटनकडे ब्लू रिजचा कडा चढतो. परतताना तोच सहा टक्क्यांचा उतार सुमारे सहा मैल सलग उतरावा लागतो आणि ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी त्या उतारावर वाळू-खडीचे आपत्कालीन मार्ग बांधलेले आहेत. सहा टक्के उतारावर १३,१०० पौंडांचा ट्रेलर सुमारे ७८० पौंडांच्या बलाने सतत पुढे ढकलत असतो. पिकअप आणि तिच्यातले सामान धरून एकूण २१,००० पौंड असतील, तर हे बल १,२६० पौंड होते आणि सहा मैल ते क्षणभरही थांबत नाही. नॉर्थ कॅरोलिनात ४,००० पौंड किंवा अधिक एकूण वजनाच्या ट्रेलरला चालकाच्या नियंत्रणातले ब्रेक असावेच लागतात, पण ब्रेक असणे आणि या उतारावर ते पुरणे यांत फरक आहे. विद्युत ड्रम ब्रेक हा सर्वसाधारण प्रकार असून तो साधा आणि स्वस्त आहे. सतत दाबून ठेवला तर मात्र ड्रम तापतात आणि पकड कमी होते. म्हणून वरच्या टोकालाच गिअर खाली आणायचा, इंजिनाला गाडी रोखू द्यायची आणि ब्रेक सतत न दाबता ठरावीक वेगापर्यंत आणून सोडायचा. ज्यांना असा घाट नेहमीचा आहे, त्यांनी विद्युत-हायड्रॉलिक डिस्क ब्रेकसाठी जास्तीचे पैसे द्यावेत. डेकच्या रंगावर, दिव्यांच्या सजावटीवर किंवा ॲल्युमिनियमच्या चाकांवर खर्च करण्यापेक्षा हा खर्च कितीतरी मोलाचा आहे.

ट्रेलर घेताना दोन्ही ॲक्सलवर ब्रेक आहेत ना, हे जरूर पाहावे. काही स्वस्त ट्रेलरमध्ये ते एकाच ॲक्सलवर असतात. ट्रेलर सुटला तर ब्रेक आपोआप लावणारी यंत्रणा आणि तिची छोटी बॅटरीही तपासावी, कारण केंद्रीय नियमानुसार सुटलेल्या ट्रेलरचे ब्रेक किमान पंधरा मिनिटे लागलेले राहायला हवेत आणि मेलेली बॅटरी ते करू शकत नाही. पिकअपमधल्या ब्रेक नियंत्रकाची तीव्रता रिकाम्या आणि भरलेल्या ट्रेलरसाठी वेगळी ठेवावी लागते. रिकाम्या जागेत कमी वेगाने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावून ती जुळवता येते.

टायरबद्दल थोडक्यात सांगते. चौदा हजारांच्या ट्रेलरला बहुधा एसटी २३५/८० आर १६ मापाचे टायर असतात. ई श्रेणीचा असा टायर ८० पीएसआय हवेवर ३,५२० पौंड पेलतो, म्हणजे चार टायर १४,०८० पौंड. नियमापुरते हे भरते. जी श्रेणीचा तोच टायर ११० पीएसआयवर ४,४०० पौंड पेलतो, आणि चाकाची रिम तेवढ्या दाबासाठी बनलेली असेल तर मी तोच घेईन. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उन्हाने आणि उभे राहून खराब होतात, म्हणून टायरच्या बाजूवरचा चार आकडी क्रमांक वाचावा. त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात.

यंत्र बांधण्याचा विचार ट्रेलर घेतानाच का करायचा, असे काही जण विचारतात. कारण साखळी अडकवायच्या कड्या कोठे आणि किती मजबूत आहेत, हे नंतर बदलणे कठीण असते. १०,००० पौंड किंवा अधिक वजनाच्या यंत्राला किमान चार ठिकाणी बांधावे लागते आणि प्रत्येक बांधणीची कार्यभार मर्यादा ५,००० पौंडांपेक्षा कमी चालत नाही. तसेच बूम आणि बकेट पूर्ण खाली टेकवून वेगळी बांधावी लागते. आपले यंत्र त्या वजनाखाली आहे, तरी मी तोच नियम पाळते. ७० ग्रेडच्या ५/१६ इंची साखळीची मर्यादा ४,७०० पौंड आणि ३/८ इंचीची ६,६०० पौंड आहे. ट्रेलरच्या कडीपासून यंत्राच्या कडीपर्यंत थेट जाणाऱ्या साखळीची निम्मीच क्षमता हिशेबात धरतात आणि एकूण बेरीज मालाच्या वजनाच्या निम्म्याहून कमी असून चालत नाही. चार कोपऱ्यांना ३/८ इंची चार साखळ्या, पुढच्या दोन पुढे खेचणाऱ्या आणि मागच्या दोन मागे खेचणाऱ्या, आणि बूमवर पाचवी, एवढे केले की मन निश्चिंत राहते. ताण देण्यासाठी दांड्याच्या बाइंडरऐवजी रॅचेट बाइंडर घ्यावेत. दांडा निसटून उसळला तर जबडा किंवा मनगट मोडू शकते. साखळ्यांऐवजी कापडी पट्टे वापरून यंत्र बांधणारे दिसतात, पण लोखंडाच्या धारेवर घासून पट्टा कापला जायला वेळ लागत नाही, म्हणून मी ते टाळते.

डेकच्या फळ्या प्रक्रिया केलेल्या पाइनच्या असोत की ओकच्या, त्या बदलता येतात. चाकांवरच्या फेंडरांमधली रुंदी मात्र मोजून घ्यावी. साधारण ८२ इंच मिळतात. साडेतीन टनांच्या एक्स्कॅव्हेटरची रुंदी ६७ इंचांच्या आसपास असल्याने अडचण येत नाही, पण उद्या रुंद बकेटचा ट्रॅक लोडर भाड्याने आणायचा असेल तर हाच आकडा निर्णायक ठरतो.

जुना ट्रेलर घ्यायला माझी हरकत नाही, किंबहुना कष्टाच्या पैशांचा तो चांगला उपयोग आहे. फक्त टंगचे, म्हणजे हिचकडे जाणाऱ्या पुढच्या दांड्याचे, जोड आणि स्प्रिंग टांगलेल्या कड्यांभोवतीची वेल्डिंग बॅटरीच्या उजेडात पाहावी, कारण तडे तिथेच पडतात. ताजा रंग केवळ त्याच जागी असेल तर विक्रेत्याला कारण विचारावे. एका बाजूने झिजलेला टायर वाकलेला ॲक्सल सांगतो. पाटी गायब असेल किंवा तिच्यावरचा क्रमांक आणि मालकीपत्रावरचा क्रमांक जुळत नसेल, तर कितीही स्वस्त असला तरी तो सौदा सोडून द्यावा. निर्णय होत नसेल तर भाड्याच्या यार्डातून रॅम्पचा आणि टिल्टचा असे दोन्ही प्रकार आणून तेच यंत्र चढवून पाहावे. कागदावर न दिसणारा फरक तेव्हा चालकाच्या आसनावर बसून कळतो.

ट्रेलर घरी आला की पूर्ण सामानासह तो जवळच्या ट्रक-थांब्यावरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर न्यावा. तिथे पिकअपचा पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरचे ॲक्सल यांचे वजन वेगवेगळे छापून मिळते. एकदा ट्रेलरसह आणि एकदा ट्रेलर सोडून पिकअपचे वजन केले, की त्या दोन आकड्यांच्या फरकावरून हिचवरचा खरा भार कळतो आणि यंत्र डेकवर पुढे घ्यायचे की मागे, हे ठरवता येते. पहिल्या पन्नास मैलांच्या आत थांबून साखळ्यांचा ताण पुन्हा पाहावा. व्यावसायिक वाहनांना तो नियमच आहे, आणि रबरी पट्टे प्रवासात थोडे बसतात व साखळ्या ढिल्या पडतात, हे खासगी ट्रेलरच्या बाबतीतही तितकेच खरे आहे.